बावीस नंबरची मिठी

पहिल्या भेटीत त्यांनी एकमेकांचे चेहरे पाहिलेच नव्हते. दोघांच्याही तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. लिफ्टच्या दारात धडक झाली, तिच्या हातातला रक्ताच्या नळ्यांचा ट्रे कलंडला आणि त्याने तो अलगद सावरला.

"एकही फुटली नाही," तो म्हणाला. डोळे हसले... आणि तेवढ्यावर तिचा निकाल लागला.

ती संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर लोकांचं रक्त काढायची. सगळे तिला लाडाने 'डास' म्हणत. तो तिसऱ्या मजल्यावर, करोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासायचा. रोज दुपारी नळ्या न्यायला यायचा आणि टेबलाशी उगाच रेंगाळायचा. तेवढ्यासाठी ती सकाळपासून केस सारखे करत असायची. तेही टोपीखालचे!

मग मध्येच बावीस नंबर कडमडली.

"बावीस नंबरच्या रक्तात काय अँटिबॉडी आहे हो!" तो एकदा हवेत तरंगतच आला. "विषाणूच्या अंगावर काटे असतात ना? त्यांच्या टोकाने तो आपल्या पेशीला धरतो. बहुतेक अँटिबॉडी त्या टोकालाच बिलगतात. पण टोक बदललं की त्या फसतात. ही मात्र थेट काट्याच्या बुडाशी मिठी मारते! मग काट्याला वळता येत नाही, आणि काटा वळला नाही की विषाणू आत शिरूच शकत नाही. त्याने कितीही वेष पालटले तरी ही ओळखणारच!"

"मिठी मारते," ती कोरडेपणाने म्हणाली. "छान."

"ते रक्त पुन्हा हवंय. ज्याचं आहे त्याला बोलवाल?"

त्याला ठाऊक होता फक्त नंबर. चेहरा ठाऊक होता हिला. पोहायला शिकवणारी, उंच, गालावर खळी. दंडावरची शीरसुद्धा शोधावी लागली नव्हती, मेली इतकी सुबक! एकदा का यानं तिला पाहिलं, की आपला पत्ता कटच. ती आतल्या आत जळून खाक झाली.

"फोन लागत नाहीये," तिने दोन दिवस ठोकून दिलं.

तिसऱ्या दिवशी तो आला तो पडलेल्या खांद्यांनी. रक्ताअभावी काम अडलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने मुकाट्याने फोन केला.

खळीवाली आली, रक्त देऊन हसत निघाली. दारात तो समोर! त्याने दार धरलं, तिला वाट दिली. हिला वाटलं, संपलं सगळं...

"बावीस नंबरचं रक्त आलं?" त्याने आत येत विचारलं.

"आत्ता दार कुणासाठी धरलंत?"

"कुणासाठी?" तो गोंधळला. "कुणी होतं का तिथे?"

ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मला तरी ओळखाल का... मास्क नसताना?"

"परवाच ओळखलं. बसस्टॉपवर."

"काहीतरीच! चेहरा कुठे पाहिलाय माझा?"

"नाही पाहिला. पण सगळे बसची वाट बघत होते आणि एकच मुलगी लोकांच्या दंडांवरच्या शिरा न्याहाळत होती."

ती खळखळून हसली. हसता हसता डोळे भरून आले. मग एकदम काहीतरी आठवून तिने विचारलं, "अहो, पण नळ्या वर न्यायला तुमच्याकडे माणूस आहे ना?"

"आहे ना."

"मग तो येत का नाही?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"मीच येऊ देत नाही त्याला."