चेन न लावलेला तंबू

गोरक्षनाथ पाण्याची बाटली भरून परत आला, तर त्याच्या तंबूत एक पोरगी मांडी घालून बसली होती आणि त्याच्याच डब्यातली शेव खात होती.

आता यात तिचा तरी काय दोष? दिवाळीनंतरच्या सुट्टीला अर्धा महाराष्ट्र भंडारदऱ्याच्या अभयारण्यात लोटला होता. रतनवाडीपर्यंत गाड्यांची रीघ, आणि धरणाच्या काठानं भाड्याचे तंबू, सगळे एकाच केशरी रंगाचे. आपला कुठला नि परका कुठला, ओळखणाऱ्याची शर्थ. त्यात या महाशयांनी तंबूची चेनच लावली नव्हती. गोरक्षनाथ पडला शनिशिंगणापूरचा. पिढ्यान्पिढ्या ज्याच्या घराला दार नाही, त्याला चेन लावायची आठवण कुठून राहणार?

गावी नारळ-फुलांच्या दुकानात तो दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायचा, पण इथं तो बाटली छातीशी धरून दाराशीच उभा राहिला. धुक्यानं ओली झालेली बट मागं सारत तिनं वर पाहिलं.

"काय हवंय?" तिनं दरडावलं.

"काय न्हाई... खावा तुमी," असं म्हणून तो आपल्याच तंबूबाहेर दगडावर पाहुण्यासारखा बसून राहिला.

थोड्या वेळानं कोपऱ्यातले पुरुषी बूट तिला दिसले. मग काय विचारता! लालबुंद होऊन ती बाहेर आली आणि तिनं त्यालाच फैलावर घेतलं, आधी सांगायला काय झालं होतं म्हणून.

"आमच्याकडं घरात आलेल्या मानसाला 'का आलात' असं विचारत न्हाईत," तो म्हणाला. "आन् तुमी लई मन लावून खात हुता..."

ती हसली. झालं, गडी तिथंच कामातून गेला.

तिचं नाव राजेश्वरी. मूळची जामखेडची, सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला. मैत्रिणींबरोबर जीप करून आली होती. शेवेची भरपाई म्हणून तिनं चहा आणला. पाण्यावर धुकं उतरत होतं, तंबूंचे दिवे त्यात थरथरत होते. शेजारी कुणाच्या तरी स्पीकरचा दंगा चालला होता, पण या दोघांना त्याचा पत्ता नव्हता. बोलता बोलता तिनं सांगितलं, पुण्याचं एक स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, आणि उद्या सकाळी अण्णांना, म्हणजे वडिलांना, हो की नाही ते कळवायचंय.

"मग... काय कळवनार?"

"नाही म्हणायला काहीतरी कारण पाहिजे ना." ती कपात बघत म्हणाली. "तुमच्याकडं आहे का एखादं?"

अहो, याहून सरळ तिनं काय विचारावं? आणि हा भला माणूस म्हणाला काय, तर, "थंडी वाढली... शाल आनू का?"

तिनं शाल घेतली नाही.

सकाळी तिचा तंबू रिकामा दिसला आणि गोरक्षनाथनं सामान गाडीत कोंबलं. गाडी काढून तो शेंडी गावाच्या रस्त्याला लागला, तो थोडं पुढं जाऊन गाड्यांच्या रांगेत अडकलाच. एरवी त्यानं त्या गर्दीच्या नावानं खडे फोडले असते. पण पुढच्या वळणावर तिची जीपही तशीच अडकलेली दिसली, खिडकीबाहेर तिची निळी ओढणी उडत होती, आणि त्यानं मनातल्या मनात गर्दीला हात जोडले. गाडी रस्त्यातच सोडून तो दवानं ओल्या गवतातून पळत सुटला.

खिडकीशी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. आतल्या मैत्रिणी एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

"राजेश्वरी... त्या मुलाला हो म्हनू नका. कारन मागितलं हुतं ना तुमी? मी हाय कारन. मला तुमी... लई आवडला."

"उशीर केलात," ती म्हणाली. "सकाळीच अण्णांना फोन झाला."

त्याचा चेहरा पार उतरला. "काय... सांगितलं?"

"नाही म्हणून." ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत राहिली. "त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, कारण अजून बोलायला शिकतंय."

तेवढ्यात मागून हॉर्नचा नुसता गदारोळ उठला. रांग पुढं सरकली होती आणि बिनड्रायव्हरची एक गाडी मधोमध रस्ता अडवून उभी होती. लोक गाडीमालकाच्या नावानं शिव्या घालत होते. गोरक्षनाथला त्याचं काही नव्हतं.

"मग... जामखेडला कवा येऊ?"

"आधी गाडी काढा," ती म्हणाली. "आणि या मागोमाग."