गोमाजीचं डफडं

जवाहरनगरच्या क्वार्टरांत दिवे गेले की पोरं पुंडलिकरावांच्या ओट्यावर जमायची. ते आधी निवांत तंबाखू मळत. सांगताना आवाज कधी चढवत नसत. ही गोष्ट त्यांच्या साडूची, खुशालची. सन एक्क्याऐंशी, पोळ्याच्या अमावास्येची रात्र.

काम साधं होतं. मेलेल्या बापाचं डफडं सायकलच्या कॅरिअरला बांधायचं आणि बपेऱ्याच्या वाटेवरच्या डाकबंगल्यात उतरलेल्या कचेरीच्या साहेबाकडे जमा करायचं. बाप गोमाजी नदीकाठच्या टोलीचा, त्या लहानशा वस्तीचा कोतवाल. रॉकेल आलं असो की लस टोचणारा, गोमाजीनं डफडं वाजवून दवंडी दिल्याशिवाय टोली कशावर विश्वास ठेवत नसे. तीच सवय नडली. आदल्या वर्षी, ह्याच रात्री, वरच्या धरणाची दारं उघडली. पाणी चढताना दिसत होतं. लोक म्हणाले, दवंडी कुठं झाली? आणि झोपले. सात माणसं गेली. त्यात गोमाजीची लेक कलाबाई होती, आणि तिला शोधायला पाण्यात उतरलेला गोमाजी.

कचेरीचं म्हणणं, निरोप संध्याकाळीच पोचवला होता, कोतवालच पिऊन पडला असेल. पूर ओसरला तेव्हा उंचावरच्या त्याच्या घरात डफडं खुंटीला तसंच होतं, हा त्यांचा पुरावा. निरोप घेऊन निघालेली जीप नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, पाणी पाहून मागे फिरली, हे गुराख्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण गुराख्यांना विचारतो कोण?

आता दुसऱ्या दिवशी सकाळी टोलीत चौकशी लागली होती. खुशालनं तिथं एवढंच म्हणायचं होतं, निरोप बापाला मिळाला होता. मग कोतवालकी त्याची. घरात दोन लेकरं. पुरानं धानाच्या बांधीत रेती भरलेली. तो कबूल होऊन बसला होता. आई चंद्रभागाबाईनं डफडं खुंटीवरून काढून दिलं आणि म्हणाली, "ने. पण तुह्या बापाले पेलेला मी तरी पाह्यला नाही."

"काका," पोरांतला घनश्याम मध्येच म्हणाला, "तो खुशाल तरी थोडी घेऊन नव्हता ना?"

पुंडलिकराव थांबले. "सरकारनं बी हेच इचारलं होतं, बाबू. त्याच्या बापाबद्दल."



खुशाल सायकलवर निघाला तेव्हा पाऊस बारीक पडत होता. पावसाळ्यात डफड्याचं कातडं सैल पडतं. गोमाजी ते धानाच्या तणसाच्या जाळावर शेकायचा, मगच काडीनं वाजवायचा. आता वर्षभर ते कोणी शेकलं नव्हतं. रपटा जवळ आला आणि खुशालच्या पाठीला ऊब लागली. घाम असेल, त्याला वाटलं. मग तणस जळल्याचा वास आला... भर पावसात.

रपट्याशी कोणीतरी उभं होतं. डोक्यावर पोत्याची खोळ. तोंड कचेरीच्या रस्त्याकडे.

सायकल थांबली. खुशालनं थांबवली नव्हती.

"निरोप आला का गा?"

आवाज ओळखीचा. माणूस वळला नाही.

"वाट पाहून राहिलो. आला का?"

सकाळसाठी पाठ केलेलं वाक्य खुशालच्या ओठांवर होतं. आला होता. दोनच शब्द...

निघेनात.

"नाही, बा," तो म्हणाला. "आलाच नाही."



"मंग सांग त्यायले."

रपटा मोकळा होता.

डाकबंगल्यात साहेब जेवून बसला होता. खुशालनं डफडं टेबलावर ठेवलं. सकाळी काय बोलायचं ते लक्षात आहे ना, साहेबानं विचारलं.

"सकाळी कायले? आत्ताच सांगतो. निरोप आला नाही. तुमची जीप रपट्यावरून वापस गेली. माह्या बापाले नाव ठेवू नका."

"कोतवालकी नको का तुला?"

"डफडं ठेवून चाललो, साहेब. पुढच्या पुराले तुमीच वाजवा."

साहेब हसला. डफडं बाजूला सारायला त्यानं हात लावला... आणि झटकन मागे घेतला. 

सकाळी भरल्या टोलीसमोर खुशाल तेच बोलला. चंद्रभागाबाई पुढं बसून ऐकत होती. मागून गुराखी साक्षीला उठले, मग एकेक करून बाकीचेही. कोतवालकी दुसऱ्याला गेली. खुशाल अजून लोकांच्या बांध्यांत रोवणीला जातो, आणि त्याच्या बापाला कोणी दारुड्या म्हणत नाही.

डफडं नंतर परत दिलं त्यांनी. कातडं कुठंही जळलेलं नव्हतं. डाकबंगल्यातल्या टेबलावर मात्र डफड्याएवढा गोल, काळा डाग होता. घासला, गेला नाही. शेवटी टेबल बदललं.

पुंडलिकरावांनी तंबाखूची डबी बंद केली.

"नव्या टेबलावर बी हाये," ते म्हणाले. "जाऊन पाहा."