आईच्या सिलिंडरमध्ये किती तास?

निहिराने एकाच सिलिंडरचं तीनदा वजन केलं आणि तिन्ही वेळा ते वेगळं आलं. चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीत सिलिंडरमध्ये प्राणवायू किती उरलाय ते वजनावरून ठरवत, आणि हा सिलिंडर आईचा होता. दूरच्या खाणीपाशी मामाची गाडी बंद पडली होती. त्याच्याजवळचा साठा आई त्याला घेऊन परतेपर्यंत जेमतेम पुरणार होता. आई निघायच्या तयारीत होती. जाण्या-येण्याला तीन तास आणि गाडीच्या दुरुस्तीला एक.

"नाना, काटा बिघडलाय का?"

"नाही गं," तिचे शास्त्रज्ञ आजोबा म्हणाले. "शेजारच्या पंपाने जमीन थरथरते. म्हणून काटा कधी जास्त दाखवतो, कधी कमी. ही यादृच्छिक त्रुटी (दोन्ही बाजूंना होणारी चूक). पुष्कळदा वजन कर आणि सरासरी काढ."

सरासरीने साडेपाच तासांचा प्राणवायू निघाला. निहिराला हायसं वाटलं. पण नानांचा चेहरा उतरला होता. ते सिलिंडरला बांधलेल्या पुरचुंडीकडे बघत होते.

तिच्यात गावची माती होती. माणसं चंद्रावर आली तरी गाव काही सोडत नाहीत! वसाहतीत प्रत्येकाच्या सिलिंडरला अशी पुरचुंडी असे आणि ती सोडणं अशुभ मानत.

"वजन करताना ही होती?"

"होती. कुणीच सोडत नाही ना."

"म्हणजे दर वेळी मातीसुद्धा प्राणवायूत धरली गेली. ही पद्धतशीर त्रुटी (नेहमी एकाच बाजूला होणारी चूक). शंभरदा वजन केलंस तरी सरासरीने ती जाणार नाही. ती शोधूनच काढावी लागते."

निहिराने गाठ सोडली आणि पुन्हा बऱ्याचदा वजन केलं. सरासरी आली चार तास.

"चार ना नक्की?" हेल्मेट चढवत आईने विचारलं. "मग पुरेल."

हो म्हणावं, आईला धीर द्यावा, असं निहिराला फार वाटलं. पण काट्याची थरथर तिने पाहिली होती.

"नक्की नाही, आई. अर्धा तास इकडे किंवा तिकडे. याला अनिश्चितता म्हणतात (खरं उत्तर किती मागेपुढे असू शकेल ते). तू साडेतीनच धर."

आईने हातातली दुरुस्तीची पेटी खाली ठेवली. "मग गाडी राहू दे तिथेच. मामाला घेऊन तडक परत येते."

दोघं परतली तेव्हा निहिरा दाराशीच होती. सिलिंडर जवळजवळ रिकामा होता. तिने आईला घट्ट मिठी मारली आणि रडली.

"उद्यापासून सगळ्यांचे सिलिंडर तूच तपास," मामा म्हणाला. "आणि तो अर्धा तास सांगायला विसरू नकोस."