तूर्त स्थगित

यामिनी काळबांडेचं लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या मुहूर्तावर लागलं आणि गुलाबजामचं पातेलं पहिल्याच पंगतीत रिकामं झालं.

वरचं वाक्य या गोष्टीतल्या कुणी अजून वाचलेलं नाही. लग्न मोडल्यात जमा आहे, घरात कुणी नीट जेवलेलं नाही आणि यामिनी रायपूरच्या समता कॉलनीतल्या दातांच्या दवाखान्याच्या वर, अनुश्री ढोबळेच्या ऑफिसात बसली आहे.

अनुश्री खासगी गुप्तहेर होती. सिलतऱ्याच्या कारखान्यांमधून भंगार कुठं गायब होतं, हे शोधणं हा तिचा मुख्य धंदा. ते भंगारवाल्याकडे जात असे. अनुश्री हे दर वेळी शोधून काढी आणि दर वेळी मालकांना धक्का बसे.

तिचा मदतनीस सुशील. त्याला मराठी सगळी समजायची, पण उत्तर तो हिंदीत द्यायचा. समजायला जरा वेळ लागायचा, तो कुठल्याही भाषेत लागला असता.

"मले..." यामिनी थांबली. "मला मदत हवी आहे. काल दुपारी बाबांच्या फोनवरून माझ्या होणाऱ्या सासूबाईंना हा मेसेज गेला. पुण्याला. बाबांनी तो पाठवलेला नाही."

अनुश्रीनं वाचलं :

'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चि. सौ. कां. यामिनी हिच्या नियोजित विवाहाबाबतची पुढील कार्यवाही अपरिहार्य कारणास्तव तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे. कृपया नोंद घ्यावी. रामकृष्ण काळबांडे.'

खाली सासूबाईंचं, म्हणजे शारदाताईंचं उत्तर होतं : 'ठीक आहे.'

"पूर्णविराम दिलाय," अनुश्री म्हणाली.

"तो क्या हुआ, दीदी? ठीक ही तो बोला है," सुशील म्हणाला.

"सुशील, 'ठीक आहे'ला पूर्णविराम दिला की ते ठीक नसतं."

"बाबांनी लगेच फोन केला," यामिनी म्हणाली. "त्या म्हणाल्या, तुम्ही नाही तर मग कुणी? तुमच्या घरात कुणालातरी हे लग्न नको आहे. ते कोण, हे कळल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. त्यांची गाडी उद्या आहे."

"आणि विराज?"

"तो म्हणतो, मी एकटा येतो." यामिनीनं खुर्ची पुढे ओढली. "माझी आई नाही, ताई. तिकडूनही आई आली नाही, तर मी हार घालणार नाही. मी विराजला तसं सांगितलंय."

"बाबा एरवी कसं लिहितात?"

"ते रेल्वेत गार्ड होते. 'हव', म्हणजे 'हो', एवढं सोडून काही लिहीत नाहीत. शारदाताईंनी माझं पानभर कौतुक लिहून पाठवलं, तरी 'हव'."

बाबांच्या फोनला कुलूप नव्हतं आणि तो दिवसभर फ्रिजवर चार्ज होत पडलेला असे. काल दुपारी बाबा झोपले होते. घरात यामिनीचे शेखरमामा, कुमुदआत्या आणि शेजारची मैत्रीण सोनिया होती.

स्कूटरवर बसतानाच सुशीलनं केस सोडवली. "मामा मंत्रालय में हैं ना? और ये एकदम सरकारी चिट्ठी है. बस, मामा."

"आणि मेसेजमध्ये रेल्वेचं वेळापत्रक असतं, तर बाबा?"

"हाँ, तब बाबा," सुशील प्रामाणिकपणे म्हणाला.

*

दार रामकृष्णरावांनी उघडलं. "मी अनुश्री ढोबळे. चौकशीसाठी आले."

"हव," ते म्हणाले.

शेखरमामा नवा रायपूरच्या, म्हणजे छत्तीसगडच्या, मंत्रालयातून सुट्टी टाकून आले होते आणि सुट्टीतही पेन खिशाला होतं. जन्म रायपूरचा, शाळा हिंदी, नोकरी हिंदीत, मराठी फक्त घरी आणि तीही जेवताना.

"मॅडम, विषयांतर्गत लेख है की मी निर्दोष आहे," ते म्हणाले.

"तुम्ही यामिनीसाठी दुसरं स्थळ आणलं होतं म्हणे."

"हव. आमच्याच विभागातला पोट्टा. तिनं नाही म्हणलं, मी नस्ती बंद केली. मी काय दुश्मन आहे का?" त्यांनी चष्मा लावून मेसेज मोठ्यानं वाचला. "बघा ना! 'तूर्त स्थगित'! काय घाई ही! तुरंत म्हणजे तुरंत, एक दिवस थांबाले तयार नाही हा माणूस. मी असतो तर आधी सात दिवसांची नोटीस दिली असती."

अनुश्रीनं मान हलवली आणि सोनियाकडे वळली. सोनिया आणि यामिनी मिळून रील बनवायच्या. यामिनी गेल्यावर नाचात डावीकडची जागा रिकामी पडणार होती.

"दीदी, मैं क्यों भेजूँगी? मुझे मराठी सुनके समझ आती है, लिखनी नहीं आती," सोनिया म्हणाली. "ये 'उपरोक्त' क्या है? शादी के मेन्यू में है क्या?"

कुमुदआत्या, रामकृष्णरावांची बहीण, स्वयंपाकघरात चिवडा परतत होती. लग्न असो-नसो, पोहे आणलेले होते.

"मले काय विचारता बाई," ती म्हणाली. "लिवनं-वाचनं मोठ्या लोकायचं काम. आमचं काय, आमी वऱ्हाडातले. हिची आई गेली तवा अमरावतीची कचेरी सोडली अन् इथं आली. ही एवढुशी होती. रात्री झोपेतही माहा पदर सोडत नव्हती."

"कचेरीत काय काम होतं?"

"काय राहते? बसाचं अन् उठाचं. तुम्ही चिवडा खाऊन सांगा, मीठ बराबर आहे का. मले सर्दी आहे, चव समजून नाही राहिली."

"आत्या, 'मला'," दारातून यामिनी सवयीनं म्हणाली.

"हो बाई. मला." आत्यानं झारा कढईच्या काठावर आपटला. तो जरा जोरात आपटला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तिनं हात पुसले, पाठ ताठ केली आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार. बोला. आपलं नाव? विषय काय?... नाही, त्याची आवश्यकता नाही. धन्यवाद." फोन ठेवून तिची पाठ पुन्हा सैल झाली. "विमावाली होती मेली. डोकं खाऊन राहिली सकाळपासून."

बाहेर आल्यावर सुशील कुजबुजला, "आत्या तो हो ही नहीं सकतीं. इनको 'मला' बोलना भी सिखाना पड़ता है."

"सगळ्यांना बैठकीत बोलाव," अनुश्री म्हणाली. "आणि चिवडा आण. मीठ बरोबर आहे."

*

सगळे बसले. मामांनी आधीच दोन्ही हात मांडीवर दिसतील असे ठेवले होते.

"सोनियाला 'उपरोक्त' हा पदार्थ वाटतो," अनुश्रीनं सुरुवात केली. "ती सुटली. आता मामा. मेसेज सरकारी आहे म्हणून सुशीलनं मामांना धरलं."

"मुझे अब भी लगता है," सुशील म्हणाला.

"पण कुठल्या सरकारचा? मामांचं सगळं काम हिंदीत चालतं. ते 'विषयांतर्गत लेख है' लिहितात. 'विषयास अनुसरून कळविण्यात येते' ही महाराष्ट्रातल्या कचेरीची मराठी आहे. मामांनी सरकारी सूर लावला असता, तर तो इथला लागला असता. शिवाय मामा, तूर्त म्हणजे काय?"

"तुरंत."

"तूर्त म्हणजे सध्यापुरतं."

मामांचा चष्मा नाकावर घसरला. "मग नागपूरचे भाऊजी माझ्या गृहप्रवेशाले 'तूर्त येत नाही' म्हणाले होते, ते?"

"नंतर येणार असतील."

"आले होते," मामा खोल आवाजात म्हणाले. "मी दार नाही उघडलं."

सुशीलनं चिवड्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली. अनुश्री पुढे बोलू लागली.

"म्हणजे लिहिणारा माणूस महाराष्ट्रातल्या कचेरीत काम केलेला आहे. पण मला त्याहून दुसरीच गोष्ट खटकली. कचेरीच्या कागदात मुलगी 'कु. यामिनी' असते. इथं 'चि. सौ. कां.' आहे. ते आपण लग्नपत्रिकेत छापतो. चिरंजीव हो, सौभाग्य मिळो. लग्न मोडणारा कुणी मोडता मोडता नवरीला आशीर्वाद देतो का? आणि 'रद्द' लिहायची सोय असताना 'तूर्त स्थगित' कोण लिहितं? ज्याला लग्न मोडायचं नाही, फक्त थोडं लांबवायचंय. सूर कचेरीचा लावला, पण दोन ठिकाणी घरचा माणूस बाहेर आला."

"पर ऐसा आदमी घर में है कौन?" सुशील म्हणाला.

"आपल्या सगळ्यांनाच दोन आवाज असतात. एक घरचा, एक परक्यांसाठीचा. घरचा ऐकून आपण ठरवतो की दुसरा नसेलच. आत्या, त्या विमावालीला तुम्ही विचारलंत, 'विषय काय?' "

चिवडा चावण्याचा आवाज थांबला. तो सुशील होता.

"कुमुद?" रामकृष्णराव म्हणाले. दुपारपासून 'हव' सोडून त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द.

आत्या पदराशी चाळा करत होती. मग तिनं पदर सोडला.

"जिल्हा परिषदेत टायपिस्ट होती मी. साहेबाच्या चुका मीच सुधरवत होती," ती म्हणाली. "साखरपुड्यात शारदाबाई हसल्या, म्हणे, तुमची भाषा किती गंमतशीर. ते जाऊ द्या, त्या परक्या. पण हिनं मागच्या आठवड्यात मले म्हणलं, आत्या, लग्नात तू जरा कमी बोल." ती यामिनीकडे बघत नव्हती. "बोलनं हिले म्याच शिकवलं. मग मले वाटलं, आता मी एवढं कमी बोलतो की खाली नावही माहं नको. दोन महिने लग्न लांबलं तर दोन महिने पोट्टी घरी राहीन. एवढंच मनात होतं. त्या बाई हट्टाले पेटतीन, असं नव्हतं वाटलं. रात्रभर बाप्पाले म्हणून राहिली, मेसेज वापस घे."

यामिनी उठली. आता ती ओरडणार असं समजून मामांनी चिवड्याची वाटी बाजूला घेतली.

"काहून केलं तू असं?" यामिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "काहून? मले सांगाचं होतं ना! मी तिथं जाऊन कोणाशी असं बोलू? शारदाताईसमोर मी एक वाक्य आधी मनात पाठ करतो, मग बोलतो. थकून जातो मी, आत्या. तू कमी बोल म्हणलं, कारण तू बोलली की मीही अशीच बोलतो."

"मग बोल ना," आत्या म्हणाली. "चांगली तं बोलून राहिली."

दोघी एकमेकींच्या खांद्यावर रडल्या. सोनियानं फोन काढला, अनुश्रीनं तो खाली घ्यायला लावला.

पुण्याला फोन कुणी करायचा, यावर चर्चा झाली नाही. आत्यानंच केला. तिनं हात पुसले, पाठ ताठ केली, "नमस्कार" म्हणाली आणि थांबली. मग तिनं पाठ सैल सोडली.

"शारदाबाई, मी कुमुद. ते मी लिवलं होतं. कोनाले लग्न नको असं नाही. पोट्टी तुमच्या घरी येऊन राहिली, तं मले अजून दोन महिने पाहिजे होती. गाडीत बसा. रागवाचं असन तं इथं येऊन रागवा, मी चिवडा केला आहे."

"अहो, पण 'महोदय' काय लिहिलंत मला!" शारदाताई म्हणाल्या. "मी कालपासून आरशात बघतेय." मग आवाज उतरला. "माझी मुलगी सासरी गेली ना, तेव्हा मी तिच्या सासूशी महिनाभर फक्त 'बरं' एवढंच बोलत होते. तुम्ही निदान पूर्ण वाक्यं लिहिलीत. येतोय आम्ही. आणि मी हसले होते ते, कुमुदताई, मला ऐकायला आवडलं म्हणून. तसं ऐकू गेलं नसेल, तर ती माझी चूक."

"हव," आत्या म्हणाली.

फोन ठेवल्यावर सुशीलनं विचारलं, "तो मुजरिम कौन निकला?"

अनुश्रीनं त्याला चिवड्याची दुसरी वाटी दिली.

पुढचं सगळं रीतसर झालं. वऱ्हाड पुण्याला परतलं, त्याच संध्याकाळी शारदाताईंच्या फोनवर एक मेसेज आला. या वेळी तो आत्याच्या स्वतःच्या फोनवरून होता :

'प्रति, मा. विहीणबाई, पुणे.

विषय : कन्या परत मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सौ. यामिनी हिला दर रविवारी दुपारच्या जेवणासाठी रायपूर मुक्कामी हजर ठेवण्यात यावे. पुणे व रायपूर यांमधील अंतराची अडचण असल्यास सदर अंतर संबंधित विभागाकडून कमी करून घ्यावे व तसा अहवाल निम्नस्वाक्षरीकारास पाठवावा, ही विनंती.

कुमुद काळबांडे.'