थाळ्या पडण्याआधी

एल्मर ट्रस्कला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती, आणि त्याचा नवा चित्रपट येत्या नाताळात लागणार होता. याचं आता कुणालाच नवल वाटत नसे. यंत्रांच्या मदतीने गेलेले गवई नव्या मैफली करत, गेलेले लेखक कादंबऱ्या लिहीत, आणि लोक कधी खूश होत, कधी नाकं मुरडत आपापल्या घरी जात.

इंदुमतीला मात्र अजूनही नवल वाटे. एल्मर तिचा सासरा. कोल्हापूरच्या शिर्क्यांची ही मुलगी शिकायला कॅलिफोर्नियात आली, एल्मरच्या मुलाशी, पीटरशी लग्न करून तिथलीच झाली. आता ती नव्वदीला टेकली होती. पीटर गेला होता, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे सासऱ्याच्या कामावरचा हक्क तिच्याकडे आला होता आणि तिच्या होकाराशिवाय स्टुडिओचं पान हलत नव्हतं. म्हणून त्यांनी त्या दुपारी तिला गाडी पाठवून बोलावून घेतलं होतं.

"काकू, पुढे बसायचं?" डॉ. अर्पिता मुळ्येने विचारलं. स्टुडिओच्या प्रयोगशाळेची ती प्रमुख होती.

"नको गं. पुढे बसलं की मान धरते. आणि हसताना मागचे लोक आपल्याला बघतात."

"मागे कुणीच नाही काकू. आपण दोघीच आहोत."

"मग तर मागेच बसू."

पडद्यावर ऑटिस आला. ऑटिस म्हणजे कार्टूनमधलं, हॉटेलात वेटरचं काम करणारं एक जाडजूड अस्वल. एल्मरने आपलं उभं आयुष्य हे अस्वल चितारण्यात घालवलं होतं. प्रत्येक चित्रपटात ऑटिस थाळ्यांचा मनोरा घेऊन निघे, मनोरा कलायला लागे, आणि ऑटिस जागच्या जागी थिजून जाई. प्रेक्षकांकडे बघे. एकदा पापणी लववे. मग थाळ्या पडत. त्या थिजण्याला जगभर 'ट्रस्कचा थांबा' म्हणत. चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांमध्ये तो शिकवला जाई. त्याच्या नंतरच्या पिढीतल्या कित्येकांनी तसा थांबा घ्यायचा प्रयत्न केला, पण कुणाच्या थाळ्या लवकर पडत, कुणाच्या उशिरा.

"हा थांबा आम्हाला सापडलाय," अर्पिता म्हणाली, "पण जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटेना."

"सांग की. सोप्या मराठीत सांग."

"आपल्याला ग्लास उचलावासा वाटतो आणि मग हात हलतो. या दोहोंमध्ये थोडासा वेळ जातो. प्रत्येकाचा हा वेळ वेगळा असतो, बोटांच्या ठशासारखा. त्याला आम्ही काळठसा म्हणतो. माणसाच्या कामातून तो काढता आला की यंत्र त्या माणसासारखं काम करू शकतं. चित्रकारांचा काढायला फार त्रास पडतो. तुमच्या सासऱ्यांचा अगदी सहज मिळाला. का, ते तुम्हाला माहीत असेल."

इंदुमतीला माहीत होतं. एल्मर प्रसंगांचे वेळ कागदावर ठरवत नसे. तो स्वतः थाळ्या घेऊन खोलीभर चाले, स्वतः अडखळे, स्वतः थिजे, आणि साहाय्यक शेजारी उभा राहून घड्याळ लावून वेळ मोजे. तो वेळ जसाच्या तसा अस्वलाला मिळे. घरातल्या चांगल्या थाळ्या अशाच फुटल्या म्हणून सासूबाई जन्मभर कुरकुरत राहिल्या.

"म्हणजे ऑटिसच्या अंगात मामंजींचाच देह," इंदुमती म्हणाली. सासऱ्याला ती मामंजी म्हणे. एल्मरला तो शब्द फार आवडे, पण जीभ वळत नसे. 'मामाजी म्हण ना, निदान मला तरी माझं नाव घेता येईल,' असं तो तिला चिडवायचा.

अर्पिता तिच्याकडे वळली. "काकू, ठसा वयाबरोबर बदलतो. सगळे चित्रपट ओळीने लावले तर त्यांचा थांबा मधल्या काळापासून वाढत जातो. ज्या चित्रपटांपासून समीक्षक त्यांना थोर म्हणायला लागले ना, तिथपासून. आम्ही तो मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवला."

"आणि?"

"ज्या आजाराने त्यांचं अंग पुढे थिजत गेलं, त्याची सुरुवात आहे ती. त्यांचं निदान व्हायच्या कितीतरी वर्षं आधीची."

इंदुमतीला पॅसाडीनाच्या सासरच्या घरातलं जेवणाचं टेबल दिसत होतं. ती नवी नवरी. तिने कौतुकाने आमटी केली होती. मामंजींनी चमचा उचलला आणि तो तोंडाजवळ येऊन हवेतच थांबला. डोळे मोठे करून त्यांनी एकेकाकडे पाहिलं. हुबेहूब ऑटिस! ती खळखळून हसली. पहिली टाळी तिनेच वाजवली, मग सगळं टेबल हसलं. चमचा हलला तेव्हा मामंजींनी नाटकातल्या नटासारखी मान लववली. त्यानंतर पाहुणे आले की चमच्याकडे डोळे लावून बसत. दुसऱ्या कुठल्या घरात डॉक्टरला बोलावलं असतं. या घरात टाळ्या पडत. पुढे तो चमचा खरंच खाली येईना झाला, तेव्हाही सगळे बराच वेळ हसतच होते. मग दोन वर्षं तिनेच त्यांचं मनगट धरून घास भरवले.

"त्यांना कळत होतं का गं?" तिने विचारलं.

"ते ठशात दिसत नाही, काकू."

अर्पिताने दुसरा तुकडा लावला. यात आजार वजा केला होता. ऑटिस आला, अडखळला, थाळ्या पडल्या.

"नीट पडल्या," इंदुमती म्हणाली. "पण हसू नाही आलं."

"कुणालाच येत नाही. आणि आहे तसा ठसा ठेवला तर लोक पोट धरून हसतात, पण दर चित्रपटागणिक आजार पुढे सरकतो. म्हणून स्टुडिओचं म्हणणं, दरवेळी ठसा मागे आणायचा. जिथे लोक सर्वात जास्त हसतात तिथे."

"म्हणजे त्यांना बरंही करायचं नाही आणि मरूही द्यायचं नाही."

"काकू, ते जिवंत नाहीत. हे नुसतं गणित आहे."

"गणित आहे तर मला विचारायला इथे कशाला बोलावलंस?"

अर्पिताने पडद्यावरचा तुकडा बंद केला.

"पुढे जाऊ दे त्यांना," इंदुमती म्हणाली. "एकदा गेले तसे जाऊ देत. शेवटापर्यंत चालव आणि बंद कर. तेवढं मी बघते. नंतर मला घरी सोड."

यंत्राने पुढचे चित्रपट भराभर रचायला घेतले. अर्पिता प्रत्येकातला तेवढाच प्रसंग दाखवत गेली. ऑटिस थिजे, पापणी लववे, थाळ्या पडत. थांबा लांबत गेला. पापणी लवायची बंद झाली. मग एका चित्रपटात थाळ्या पडल्याच नाहीत. मनोरा कललेला, अस्वल उभं, आणि दोन मोठे डोळे समोर लागलेले. कुणीतरी हसेल म्हणून वाट बघत असल्यासारखे.

दोघी बसून राहिल्या. पडद्यावर काहीच हललं नाही.

"हा शेवटचा. बंद करू, काकू?"

इंदुमती उठली. खुर्च्यांना धरत धरत पडद्यापाशी गेली. हे डोळे तिने पाहिले होते, अगदी जवळून, हातात वाटी घेऊन. तेव्हा तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. तिने हात वर केला आणि अस्वलाच्या मनगटावर ठेवला. पडदा गार होता.

"मागे ने त्यांना," ती म्हणाली.

"काकू, तुम्हीच तर आत्ता..."

"मला आठवतंय मी काय म्हटलं ते. मागे ने."

"कुठपर्यंत?"

"लोक हसतात तिथपर्यंत."

म्हणजे दर नाताळात तो कायमच्या थिजण्याच्या काठापर्यंत येणार आणि दर नाताळात मागे ओढला जाणार, कुणालातरी आवडतो तोवर. हे अर्पिताला कळलं, आणि इंदुमतीलाही कळलं असावं, कारण ती वळून अर्पिताकडे बघेना. अर्पिताने ठसा मागे नेला.

ऑटिस थिजला. समोर पाहिलं. एकदा पापणी लववली. थाळ्या धाडकन कोसळल्या.

अंधारात टाळी वाजली. पडद्याला खेटून उभी असलेली इंदुमती हसत होती, आणि टाळ्या वाजवायची थांबत नव्हती.