राघूनं चोच मारली

हळदीच्या मांडवात आनंदीबाईचा आवाज चिरकला, तेव्हा आधी कोणाला काही वाटलं नाही. म्हातारं माणूस, घशात कफ अडकला असेल.

आनंदीबाई अंजूरची धवलारीण. लग्नातले विधी गाण्यातून लावणारी बाई. तिच्या धवल्याशिवाय, लग्नाच्या त्या गाण्याशिवाय, अंजुरात कोणाला हळद लागत नसे. त्या सकाळी तिनं पान गालात सारलं आणि पहिला धवला धरला. मागे ओळ झेलायला तिच्या दोन शिष्या होत्या. एक चंद्रा, केस पिकायला आलेली. दुसरी दिपिका, भिवंडीच्या कॉलेजात शिकणारी.

दुसऱ्या धवल्याला म्हातारीनं गळा धरला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तरी ती थांबली नाही. फाटक्या आवाजात तिनं दोन ओळी म्हटल्या. त्या धवल्यातल्या नव्हत्या.

*हातावर वाढविला राघू माझा गो,*
*त्यानंच कंठाला चोच मारली गो.*

मग तिच्या तोंडातून फेस आला आणि ती नवरदेवाच्या पाटाशेजारी आडवी झाली.

सहायक निरीक्षक कौसर पोलीस ठाण्यात पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. उपनिरीक्षक राकेशनं आनंदीबाईच्या पुतण्याला, रघूला, कोठडीत टाकलं होतं. आईबापाविना पोर म्हणून म्हातारीनं त्याला लहानाचा मोठा केलेला. खाडीकडची जमीन गोदामवाल्याला द्यायची म्हणून तो मागे लागला होता आणि ती नाही म्हणत होती. त्या सकाळी अंगणात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मांडवात चहा देत फिरला तोही रघूच.

"शिवाय बाईनं शुद्ध जायच्या आधी नाव घेतलंय, मॅडम," राकेश म्हणाला. "हातावर वाढवलेला रघू. अजून काय पाहिजे?"

मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत राकेशच्या पाठीवर थाप मारली आणि याला म्हणतात पोलीस, असं म्हणाले. कौसरकडे त्यांनी पाहिलंही नाही. नोकरीत ती राकेशपेक्षा जुनी. अंजूरचा टापू तिच्याकडे होता. त्या सकाळी ती नारपोलीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात मारामारी मिटवत अडकली म्हणून हे प्रकरण त्याच्या हाती गेलं होतं. ते तिला चरचरून लागलं.

त्या चरचरीतूनच तिला शंका आली, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती स्वतःलाच बजावत राहिली. राकेश चुकला असावा असं आपल्याला वाटतंय की तसं हवंय?

तिनं लग्नातल्या फोटोग्राफरकडून व्हिडिओ मागवला आणि तो पुन्हा पुन्हा पाहिला.

पहिली गोष्ट तिला लगेच दिसली. गाणं सुरू व्हायच्या आधी म्हातारी पुतण्याला हाक मारत होती, "ए रघ्या, सगल्यांना चाय दे." रघूनं एकाच किटलीतून सगळ्यांना चहा दिला. आनंदीबाईच्या शेजारी बसलेली बाईही तोच प्यायली. तिला काही झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, हाक मारताना म्हातारीचं तोंड कॅमेऱ्यासमोर उघडलं होतं. त्यात एकही दात नव्हता.

तिसरी गोष्ट मात्र तिनं दोनदा मागे नेऊन पाहिली. म्हातारी पडली तशी दिपिका तिच्यावर झेपावली. बायका ओरडत उठल्या. त्या गोंधळात एकटी चंद्रा बसून राहिली, आणि तिनं धवल्याची पुढची ओळ उचलली. अचूक, गुरूच्या ढंगात. तिच्यामागे ओळ कोणी झेलली नाही. तरी ती गात राहिली.

त्याच दुपारी कौसरनं ठाण्याच्या गाडीनं अंजूर गाठलं. चंद्रा परसदारी बसली होती. मांडीवर तांब्या, हातात चिंचेचा कोळ.

"लग्नाचा तांब्या घासतेय," ती आपणहून म्हणाली. तांब्या मात्र काळाच होता. कोळ तिच्या तळहातांवर चोळलेला दिसत होता.

"आनंदीबाई पडल्यावर तुम्ही गात राहिलात. का?"

"धवला तोडायचा नसतो. नवरानवरीला बरं न्हाय."

"त्यांना पान कोण देतं?"

"तिची पानाची चंची तिच्या कमरेला. कोनाला हात लावू देत न्हाय. सोताच विडा बनवते, सोताच खाते."

कौसरनं मग त्या दोन ओळींचा अर्थ विचारला. चंद्रानं मांडीवरचा तांब्या फिरवला. सांगावं की नाही, असा तिचा चेहरा होता.

"बायकांच्या गान्यात राघू म्हंजे लेक," ती शेवटी म्हणाली. "मैना म्हंजे लेकी. आनंदीबाईला लेक झाला न्हाय. मंग तिचा राघू कोन, त्ये तुम्हीच बगा. मी कोनाचं नाव घेनार न्हाय."

हे कौसरलाही माहीत होतं. तिच्या नानीच्या मेंदीच्या गाण्यांतही घरातला मुलगा पोपट होऊनच यायचा. अर्थ बरोबर होता. राकेशच्या निष्कर्षाला तो घट्ट बसत होता. कौसरला त्याचाच राग आला.

तिथून ती दवाखान्यात गेली. आनंदीबाईच्या गळ्यात नळी होती आणि तिला औषधानं झोपवलं होतं. जगेल का, ते डॉक्टर सांगेनात. पण घशात काय सापडलं ते त्यांनी सांगितलं. कच्च्या रानसुरणाचा चोथा. शिजवलं नाही तर त्यातल्या बारीक सुया घसा सुजवून टाकतात.

"चहातून गेलं असेल?" कौसरनं विचारलं.

चोथा सुपारीत आणि चुन्यात मिसळलेला होता, ते म्हणाले. चुन्याच्या चरचरीत सुरणाची खाज सुरुवातीला कळली नसणार.

दवाखान्याच्या बाकावर दिपिका बसली होती. कौसर तिच्या शेजारी टेकली. राकेशचा दुसरा संशय या मुलीवर होता. मोबाइलवर तिची गाणी हजारो लोक ऐकत. म्हातारीला बाजूला सारून तिला पुढे यायचं असेल, असं तो म्हणाला होता.

"आजीला बाजूला कशाला सारू?" दिपिका म्हणाली. "गेल्या महिन्यात तिनं सगळ्या बायकांपुढं सांगितलं, माझ्यामागं धवला दिपिका लावील."

"चंद्राबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. उठून पाणी प्यायला गेली. मावशीला सगळे धवले पाठ आहेत, मॅडम. मला अजून अर्धेही येत नाहीत. पण आजी म्हणायची, पाठ असणं वेगळं. मांडवात नवं काही घडलं तर नवी ओळ सुचली पाहिजे."

"आजी रागावली की काय करते?"

दिपिका पहिल्यांदा हसली. आजी रागावली की सरळ बोलतच नाही, तिनं सांगितलं. गाण्यातच टोमणा बसवते. नवऱ्याची आई मिरवायला लागली तर गाण्यात घागर रिकामीच वाजते. ज्याला कळायचं त्याला कळतं.

"आणि राघू? त्या गाण्यात तो कोणासाठी येतो?"

दिपिकाचं हसू मावळलं. 

"एक ओळ आहे तिची," मुलगी हळू म्हणाली. "मी बोलते तैसा राघू माझा बोलतो गो. ती ओळ आली की सगळ्या बायका चंद्रामावशीकडं बघून हसतात. मावशी कधी हसत नाही."

"शेवटचं एक. दात नाहीत, तर आजी पान कसं खाते?"

"कुटून. लोखंडी खलबत्त्यात. मावशीच कुटून देते, पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसरनं आनंदीबाईच्या घरी सगळ्यांना बोलावलं. रघूला कोठडीतून आणलं होतं. दिपिका दाराशी उभी होती. राकेश हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. चंद्रा खाली बसली होती, हात पदरात.

कौसरनं आवाज चढवला नाही.

"रघूनं दिलेला चहा सगळेच प्यायले. सुरण चहात नव्हतं, पानात होतं. आनंदीबाईला दात नाहीत, त्यांना पान कुटून लागतं. चंद्राबाई, तुम्ही मला सांगितलंत की त्या स्वतः विडा करून खातात. हे खोटं का सांगितलंत?"

चंद्रानं पदर हातांभोवती आणखी ओढून घेतला.

"काल तुम्ही तांब्या घासत होतात, पण तांब्या काळाच राहिला. सुरण कापलं की हातांना खाज सुटते. ती चिंचेनं उतरते. हात दाखवा."

चंद्रानं हात पदरातच ठेवले. कौसरनं जबरदस्ती केली नाही. खलबत्ता सकाळीच तपासायला पाठवला आहे, एवढंच तिनं सांगितलं.

"पण हे सगळं मी नंतर जुळवलं," ती पुढे म्हणाली. "आधी आनंदीबाईंनीच सांगितलं होतं. घसा पेटल्याबरोबर पान कोणी कुटलं ते त्यांना कळलं. पुतण्याला त्या रघ्या म्हणतात. त्याचं नाव घ्यायचं असतं तर सरळ घेतलं असतं. ती ओळ रागाची होती, म्हणून ती गाण्यातून आली. हातावर वाढवलेला राघू. त्या मांडवात बायकांच्या लेखी राघू एकच होता. शिकवलं तेच बोलणारा. अर्थ विचारायला मी तुमच्याकडे आले, आणि तुम्ही मला लेकाचा अर्थ सांगून रघूकडे धाडलंत."

राकेशचे हात घडीतून सुटले. रघूनं चंद्राकडे वळून पाहिलं.

चंद्रानं हात बाहेर काढले. तळवे लाल होऊन फुटले होते.

"मारायचं नव्हतं," ती म्हणाली. "एक दिवस तिचा गळा बसावा, एवढंच. मंग बायका मागं वळतील, मना म्हनतील, चंद्रे, तू धर." तिनं दिपिकाकडे पाहिलं. "ती नव्या ओळी जोडते आनि शाबासकी घेते. मी एक अक्षर इकडचं तिकडं केलं न्हाय. अख्ख्या गावापुढं मी पोपट. काल गळा बसला, मी धवला धरला. एकीनं ओळ झेलली न्हाय."

ती रडली नाही. चरचरत्या डोळ्यांनी ती दिपिकाकडे बघत राहिली. ती नजर कौसरला ओळखीची वाटली. काल आपण राकेशकडे तशाच नजरेनं पाहत होतो, या विचारानं तिनं मान दुसरीकडे वळवली.

राकेशनं रघूला स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं आणि त्याची माफी मागितली. मोठ्या साहेबांनी कौसरचं कौतुक केलं. तिला वाटलं होतं तेवढं ते गोड लागलं नाही.

आठवडाभरानं आनंदीबाईची नळी निघाली. आवाज परत येण्याची आशा डॉक्टरांना नव्हती. कुजबुज तेवढी निघत होती. कौसर जबाब घ्यायला गेली आणि काय काय झालं ते तिला सांगितलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. पोपटाचा टोमणा चंद्राला फार लागला होता, हे ऐकताच तिनं डोळे उघडले.

"टोमना?" ती कुजबुजली. "मना लेक न्हाय झाला. ती ल्हानपनी आली, तवापासून माझ्या मागं मागं. लेकाला गान्यात काय म्हनतात, तुमाला ठाव हाय ना?"

कौसरला ते माहीत होतं. खुद्द चंद्रानंच तिला ते समजावून सांगितलं होतं.

तिनं जबाब लिहून घेतला. परत आल्यावर तिनं महिला कोठडीचं दार उघडायला लावलं आणि म्हातारीचे शब्द जसेच्या तसे चंद्राला सांगितले.

चंद्रा भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलले. मग तिनं पदरानं चेहरा पुसला आणि मान वळवली.

"मंग दिपिकाला काय म्हनायची ती?" तिनं विचारलं. "कंची ओळ होती तिची?"

कौसरनं ते विचारलं नव्हतं.

"उद्या गेलात तर इचारा," चंद्रा म्हणाली. "तेवढं मना सांगा."