गोगलगाईने हवा धरली

“आई, इंजिन एवढं तापलंय, मग हा वारा बर्फासारखा का गं?”

नभाने हीटरच्या झरोक्यावर तळहात धरला होता. मांडीवरच्या खोक्यात कोंबडीची पिल्लं एकमेकांत घुसून चिवचिवत होती. कालच अंड्यातून बाहेर आलेली! लडाखमधल्या खिंडीपलीकडे एका शाळेतली मुलं त्यांची वाट बघत होती. पण बाहेर सगळं गोठलेलं, आणि आत ऊब नाही मिळाली तर पिल्लं तिथवर टिकणार नव्हती.

गाडी आपली आपण चालत होती, म्हणून आई सारखी खोक्यात डोकावत होती. “गोगलगाई, काय होतंय तुला?”

“मला? मी ठणठणीत!” गाडी म्हणाली. “इंजिन गरम, पंखा सुरू, कूलंटची टाकी काठोकाठ. स्वेटर घाला, गौतमीताई.”

“पिल्लांना कुठून आणू स्वेटर? थांब बघू बाजूला!”

आईने बॉनेट उघडलं. “नभा, गाडीचा हीटर स्वतः उष्णता बनवत नाही, इंजिनाकडून उसनी घेतो. ती आणून देतो कूलंट (थंडीतही न गोठणारा, नळ्यांमधून फिरणारा द्रव). तो हीटरच्या जाळीत (बारीक नळ्यांच्या चटईत) शिरतो, पंखा त्या जाळीवरून वारा ढकलतो, की झाला गरम वारा. या दोन नळ्या बघ. एकीतून कूलंट आत जातो, दुसरीतून परत येतो. हातमोजा काढायचा नाही! पंख्यापासून लांब. नुसतं बोट लाव.”

“ही हातमोज्यातूनही गरम लागतेय! आणि ही... गारच आहे की!”

“म्हणजे?”

“म्हणजे गरम कूलंट दारापर्यंत येतोय, पण आत फिरतच नाहीये! कुणीतरी अडवलंय!”

“कुणी?”

तेवढ्यात आतून, डॅशबोर्डमागून आवाज आला... गुळुक, गुळगुळ.

नभा उडालीच. “आई! साताऱ्याला टाकी रिकामी झाली की आपला नळ असाच खोकतो! मामा म्हणतो ना...”

“हवा धरली!” दोघी एकदम ओरडल्या.

आईने कपाळावर हात मारला. “काल मी नळी बदलली आणि कूलंट भसाभस ओतला. लहानपणी आमच्याकडे नळाला पाणी अर्धाच तास यायचं. भरायचं म्हटलं की अजून घाईच सुटते बघ! आतल्या हवेला बाहेर पडायला वेळच दिला नाही.”

“पण टाकी तर भरलेली दिसतेय.”

“टाकी भरलेली, पण जाळीत बुडबुडा. हवा द्रवापेक्षा हलकी, ती सगळ्यात उंच जागा पकडून बसते. गोगलगाईत सगळ्यात उंच आहे ती हीटरची जाळी.”

“मग कूलंट भरायचं तोंडच जाळीपेक्षा उंच करू या! त्या चढावर!”

“नाक वर करून उभी राहू? लोक मला गर्विष्ठ म्हणतील,” गोगलगाय कुरकुरली, पण चढली.

“आता इंजिन बंद,” आई म्हणाली.

“बंद? अगं, पिल्लं!”

“गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळता कूलंट अंगावर उडतो. निवेपर्यंत थांबायचंच.” आईची नजर सारखी खोक्याकडे वळत होती, पण तिने झाकणाला हात लावला नाही.

नभाने जाकिटाची चेन खाली ओढली आणि एकेक पिल्लू आत घेतलं. आईने वरून आपली शाल गुंडाळली आणि मिनिटामिनिटाला कान लावून चिवचिव ऐकत राहिली. चिवचिव बारीक होत चालली होती.

एकदाचं इंजिन निवलं. आईने फडकं धरून हळूच झाकण काढलं, इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण उघडला आणि कूलंट अगदी बारीक धारेने ओतू लागली.

बुडुक!

“आला! अजून एक! आई, केवढा मोठा!”

बुडबुडे फुटत होते, टाकीतली पातळी खाली जात होती, आई पुन्हा थेंबथेंब भरत होती. मग बुडबुडे थांबले. झाकण घट्ट लागलं. नभाने दुसऱ्या नळीला बोट लावलं आणि किंचाळली, “गरम! परत येणारीही गरम!”

गाडीत आता दुपारच्या अंगणासारखी ऊब होती. आईने पिल्लं खोक्यात परत ठेवली, पुन्हा पुन्हा हात लावून पाहिली, तेव्हा कुठे स्वतः नीट टेकून बसली.

“आई, अंतराळयानात तर वर-खाली नसतंच. मग तिथे बुडबुडा चढणार कुठे?”

“चढणारच नाही. जिथे असेल तिथेच लटकून राहील.”

“मग त्याला बाहेर कसा काढायचा?”

“विचार कर.”

नभाने मूठ गरगर फिरवून पाहिली. “यान असं गोल फिरवलं तर?”

“बरोबर! जड द्रव कडेला फेकला जाईल आणि हलका बुडबुडा मधे गोळा होईल, तिथून काढायचा!” आई म्हणाली. तेवढ्यात नभाच्या कॉलरमधून राहून गेलेल्या एका पिल्लाने डोकं बाहेर काढलं आणि गरम वाऱ्याकडे बघून जोरात म्हटलं, “चिव!”